कावसजीचं नाक

‘नाक कापलं’ असं आपण किती सहज म्हणतो! पण एके काळी नाक खरोखरच कापत. युद्धकैद्यांचं कापत आणि नुसत्या संशयावरून बाईचंही. माणसात तोंड दाखवायची सोय राहू नये, हाच त्या शिक्षेचा हेतू.

कावसजी हा इंग्रजी फौजेतला मराठी गाडीवान. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बसवून पाहिलं. ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं आणि तेवढी कातडी सोडवली. पण भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवली. तिच्यातून रक्त येत राहिलं, म्हणून कातडी जगली. जखमेवर काताचा लेप, नाकपुड्यांत मऊ कापड. हे दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आलं. ते वाचून १८१४ मध्ये कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पुण्याच्या कारागिराचं नाव मात्र कुणी छापलं नाही.

कातडीचं जमलं, पण आतलं हाड मोडलं तर? १९०१ मध्ये फ्रान्सच्या ल फोर यांनी मृतदेहांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडं ठरावीक रेषांवरच मोडतात हे दाखवलं. डोळ्याखालचं हाड तर कागदासारखं पातळ. ते खचलं की डोळ्याचा स्नायू अडकतो, एकाचे दोन दिसतात. आज सर्जन पापणीच्या आतून, वरच्या हिरडीतून किंवा केसांच्या आड छेद घेतात आणि टिटॅनियमच्या इवल्या पट्ट्यांनी हाडं सांधतात. व्रण लपतो, चेहरा परत मिळतो.

पण त्यासाठी वेळेवर जायला हवं. गाडीवरून पडल्यावर किंवा मार लागल्यावर दोन-दोन दिसलं, नाकातून पाण्यासारखं गळलं, तर नाक शिंकरू नका, त्याच दिवशी सिव्हिल गाठा. आणि मार घरातच बसला असेल, तर ‘न्हाणीत पाय घसरला’ असं डॉक्टरांना सांगू नका. खरं सांगा. नाक जायचं असेल, तर मारणाऱ्याचं जाऊ दे. तुमचं नाही.