पाप्पानो, सर आंतोनियो

पाप्पानो, सर आंतोनियो : (३० डिसेंबर १९५९ – ). ब्रिटिश-इटालियन ऑपेरा-संचालक, गायकांचे साथीदार पियानोवादक आणि गानमार्गदर्शक. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील रॉयल ऑपेराचे ते २००२ ते २०२४ अशी बावीस वर्षे संगीत दिग्दर्शक होते. त्या पदावर इतका काळ दुसरे कोणी टिकलेले नाही.

जन्म इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एपिंग येथे. आईवडील दक्षिण इटलीतील बेनेव्हेन्तोजवळच्या कास्तेलफ्रांको इन मिस्कानो या गावचे. वडील पास्क्वाले स्वयंपाक्याची नोकरी करीत आणि गाण्याच्या शिकवण्या घेत. मुलगा सहाव्या वर्षी पियानोला बसला; दहाव्या वर्षापासून वडिलांच्या शिष्यांना साथ करू लागला. तो तेरा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत कनेटिकटला गेले. तेथे नॉर्मा व्हेरिली यांच्याकडे पियानो, आर्नोल्ड फ्रांकेत्ती यांच्याकडे रचना व गुस्ताव्ह मायर यांच्याकडे संचालन, असे त्यांचे शिक्षण झाले. कॉन्झर्व्हेटरीची पायरी ते चढले नाहीत. घरातला गाण्याचा वर्ग हीच त्यांची खरी शाळा.

एकविसाव्या वर्षी ते न्यूयॉर्क सिटी ऑपेरात तालमीचे पियानोवादक झाले. या कामाला ऑपेराच्या जगात ‘रेपेतितर’ म्हणतात. आपल्याकडच्या पेटीच्या साथीशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण ते पुरते जुळत नाही. पेटीवाला गायकाच्या उपजेमागे जातो. रेपेतितरपुढे एकेक सूर छापलेला असतो. सगळा ऑर्केस्ट्रा त्याने दोन हातांत उतरवायचा. नायिका तालमीला एकटीच आली असेल, तर नायकाच्या ओळी आपल्या फाटक्या आवाजात स्वतःच म्हणायच्या. शिवाय कान गायिकेकडे : श्वास कोठे तुटला, इटालियन जोडाक्षर नीट दाबले की निसटले, स्वर लांबवताना ‘ए’चा ‘अ’ झाला का. प्रयोगाच्या रात्री मात्र या माणसाला रंगमंचावर जागा नसते.

बार्सिलोना, फ्रँकफर्ट व शिकागो येथे हेच काम करीत ते बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात संचालक डॅनिएल बारेनबॉइम यांचे साहाय्यक झाले. ‘ट्रिस्टान’, ‘पार्सिफाल’ आणि ‘रिंग’ तेथे आतून पाहायला मिळाले. १९८७ मध्ये ऑस्लोत ‘ला बोएम’द्वारे संचालक म्हणून पदार्पण, १९९० पासून नॉर्वेजियन ऑपेराचे आणि १९९२ ते २००२ ब्रुसेल्सच्या ला मोने या नाट्यगृहाचे संगीत दिग्दर्शक. १९९३ मध्ये क्रिस्टोफ फॉन डोनानी यांच्या ऐवजी ऐनवेळी उभे राहून त्यांनी व्हिएन्ना स्टेट ऑपेरात ‘सीगफ्रीड’ पार पाडला. तालमीच्या पियानोवरून संचालकाच्या चौथऱ्यावर येण्याची ही वाट जुनीच. कॉव्हेंट गार्डनचे आणखी एक संगीत दिग्दर्शक गेऑर्ग शोल्टी बुडापेस्टला त्याच वाटेने आले होते.

कॉव्हेंट गार्डनला बर्टविसल यांचा ‘द मिनोटॉर’ (२००८) आणि टर्निज यांचा ‘ॲना निकोल’ (२०११) हे नवे ऑपेरा त्यांनी प्रथम सादर केले. २००५ ते २०२३ रोमच्या सांता चेचिलिया ऑर्केस्ट्राची धुराही त्यांच्याकडे होती. २०१२ मध्ये ‘सर’ हा किताब. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात वेस्टमिन्स्टर ॲबेतील ऑर्केस्ट्राचे संचालन त्यांनीच केले. २०२४ पासून ते लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालक आहेत.

पियानो मात्र सुटला नाही. गायक इयन बॉस्ट्रिज यांच्याबरोबर त्यांनी ह्यूगो वोल्फची गीते ध्वनिमुद्रित केली. बीबीसीवरील ‘पाप्पानोज क्लासिकल व्हॉइसेस’ (२०१५) या मालिकेत आवाजांचे प्रकार समजावताना ते पियानोला बसूनच बोलतात. पुच्चीनीचा ‘ला रोंदिने’ आणि प्लासिदो डोमिंगो यांच्यासह केलेला ‘ट्रिस्टान’ (२००५) ही त्यांची गाजलेली ध्वनिमुद्रणे. नव्या श्रोत्याने मात्र या दोन्हींआधी गायिका जॉइस डिडोनाटो यांच्यासह विगमोर हॉलमध्ये झालेल्या मैफलीचे ‘जॉइस अँड टोनी’ ऐकावे. २०१६ चे ग्रॅमी मिळालेल्या या ध्वनिमुद्रणात ऑर्केस्ट्रा नाही. एक आवाज आहे आणि एक पियानो.