२३. व्हिक्सबर्गचा वेढा

२३. व्हिक्सबर्ग : अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील, मिसिसिपी नदीच्या पूर्व तीरावरील उंच कड्यांवर वसलेले शहर. यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या तोफा येथून नदीची वाट रोखून धरत. उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट याने एप्रिल १८६३ मध्ये आपले सैन्य पश्चिम तीराने शहराच्या खाली नेले, गलबते रात्री तोफांच्या माऱ्यातून पार काढली, आणि नदी ओलांडून आधी राज्याची राजधानी जॅक्सन घेतली व मग पूर्वेकडून शहर गाठले. साऱ्या युद्धातील ही सर्वांत कुशल मोहीम मानावी लागेल. १९ व २२ मे रोजीचे थेट हल्ले फसल्यावर त्याने वेढा घातला. तोफगोळ्यांपासून जीव वाचवण्यासाठी नागरिक टेकड्यांत खोदलेल्या भुयारांत राहिले, आणि ही टीप ज्या मजकुरावर आहे त्यातील ‘भुयारांतील बिऱ्हाडे’ हा उल्लेख त्यांचाच आहे. अन्न संपत आल्यावर दक्षिणेचा सेनापती जॉन पेंबर्टन याने ४ जुलै रोजी सुमारे २९ हजार सैनिकांसह शरणागती पत्करली. याच युद्धातील अधिक गाजलेली गेटिसबर्गची लढाई आदल्याच दिवशी संपली असल्यामुळे इतिहासग्रंथांत व्हिक्सबर्गला दुय्यम स्थान मिळते, ते अन्यायाचे आहे. कारण ९ जुलै रोजी नदीवरील दक्षिणेचे ठाणे पोर्ट हडसनही पडल्यावर संपूर्ण मिसिसिपी उत्तरेच्या ताब्यात आली आणि टेक्सास, आर्कान्सा व लुइझियानाचा बराचसा भाग उरलेल्या दक्षिणेपासून तुटला.