‘कोन्सुल’ : तहाबरोबर आलेला शब्द

सिरिलिक लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांचे शब्दकोश शेजारीशेजारी ठेवले असता एक गोष्ट चटकन नजरेत भरते. रशियन, युक्रेनियन व बल्गेरियन या स्लाव भाषा, कझाख व किर्गिझ या तुर्की कुळातील, ताजिक इराणी कुळातील, तर मंगोलियनचे कुळच वेगळे. परंतु परक्या नगरात राहून आपल्या देशाच्या व्यापाराचे व नागरिकांचे हित पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी या सर्व भाषांत एकच शब्द आहे : ‘कोन्सुल’. राजदूतासाठी मात्र यांतील प्रत्येकीजवळ वेगळा, जुना शब्द आहे. रशियनमध्ये ‘पोसोल’, म्हणजे पाठवलेला, बल्गेरियनमध्ये ‘पोस्लानिक’, ताजिकमध्ये ‘सफीर’, कझाखमध्ये ‘येल्शी’. हा ‘येल्शी’ म्हणजे आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांतला ‘एलची’च होय. एकाच खात्यातील दोन अधिकाऱ्यांपैकी एकाचे नाव घरचे व दुसऱ्याचे लॅटिन, असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर भाषेच्या दारिद्र्यात नसून त्या पदाच्या इतिहासात आहे.

रोमच्या प्रजासत्ताकात ‘कॉन्सुल’ हे सर्वोच्च अधिकाराचे पद होते. दरवर्षी दोघे निवडले जात, व एकाचा निर्णय दुसरा अडवू शकत असे. साम्राज्य लयाला गेल्यावरही शब्द उरला. मध्ययुगात जेनोआ, पिसा या इटालियन नगरांनी आपल्या कारभाऱ्यांना तेच नाव दिले आणि पुढे परमुलखातील आपल्या वखारींवर नेमलेल्या प्रमुखांनाही. १४७५मध्ये उस्मानी तुर्कांनी क्रिमिया जिंकेपर्यंत तेथील काफा या बंदरावर जेनोआच्या कॉन्सुलचा अंमल होता. सुदाक येथील किल्ल्याच्या एका भागास आजही ‘कोन्सुलचा गढ’ म्हणतात. तेव्हा रोमचा राज्यकर्ता काळ्या समुद्रावर व्यापाऱ्यांचा मुखत्यार होऊन आला. मात्र निवाडा करण्याचा अधिकार त्याने सोडला नाही. पुढचा सारा इतिहास या अधिकाराभोवती फिरतो.

रशियात हे पद रुजवले ते पहिल्या पीटरने. १७०७मध्ये ॲम्स्टरडॅमला रशियाचा पहिला कोन्सुल नेमला गेला. तेथे त्याचे काम मुख्यतः व्यापाराचे होते. परंतु १७७४च्या कुचुक-कायनार्जा तहाने उस्मानी साम्राज्यात हवे तेथे कोन्सुल नेमण्याचा हक्क रशियाने पराभूत सुलतानाकडून मिळवला, आणि पदाचे स्वरूप पालटले. दूत यजमान राजाच्या दरबारी येतो. हा कोन्सुल मात्र त्याच्या प्रजेच्या वस्तीत येऊन राहिला, स्थानिक न्यायालयाबाहेर आपल्या माणसांचे खटले पाहू लागला आणि सुलतानाच्या ख्रिस्ती प्रजेची गाऱ्हाणी ऐकू लागला.

या पदाला दुसरीही बाजू होती. नायदेन गेरोव या बल्गेरियन शिक्षकाने १८५१मध्ये प्लोवदिव येथे सिरिल व मेथोडियस या संतांचा उत्सव आपल्या शाळेत साजरा केला. आज बल्गेरियात लिपीचा दिवस म्हणून पाळल्या जाणाऱ्या सणाचा तो आरंभ मानला जातो. हेच गेरोव १८५७पासून त्याच शहरात रशियाचे उप-कोन्सुल होते. १८७६च्या एप्रिल उठावानंतरच्या कत्तलींचे वृत्तान्त त्यांनी वरिष्ठांकडे पाठवले. त्यांचा बल्गेरियन शब्दकोश १८९५ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाला. परक्या सत्तेचे पद आणि स्वभाषेची सेवा एकाच माणसाच्या ठायी नांदत होती. हे पद केवळ जुलमाचे साधन होते, असे म्हणून म्हणता येत नाही.

शब्द कोणत्या वाटेने आला, हे कधी एखादे अक्षरही सांगते. सर्बियन व मॅसेडोनियन भाषांत तो ‘कोन्सुल’ नसून ‘कोन्झुल’ आहे. लॅटिनमधला ‘स’ घोष होऊन तेथे ‘झ’ झाला, आणि जर्मन उच्चारही असाच आहे. सर्बियन लिपीची व्यवस्था लावणाऱ्या वुक कराजिच यांचा कोश १८१८मध्ये व्हिएन्नात छापला गेला, हे लक्षात घेतले की या ‘झ’चे नवल वाटत नाही. उरलेल्यांचा ‘स’ रशियनशी जुळतो.

पूर्वेकडे हे रशियन वळण अधिक स्पष्ट आहे. १८६०च्या पेकिंग तहाने मंगोलियातील उर्गा येथे रशियन कोन्सुल नेमण्याची वाट मोकळी झाली, आणि १८६१मध्ये तेथे कचेरी उघडली. मंगोलियन तेव्हा स्वतःच्या उभ्या लिपीत लिहिली जात होती; सिरिलिकचा निर्णय १९४१चा. म्हणजे येथे कोन्सुल लिपीच्या ऐंशी वर्षे आधी पोचला होता. क्रांतीनंतर सोव्हिएत सत्तेने १९१८मध्ये राजदूताची पदवीच रद्द केली व त्याला ‘पूर्णाधिकारी प्रतिनिधी’ म्हटले. ‘पोसोल’ १९४१मध्ये परतला. कोन्सुलचे नाव मात्र टिकले. १९२६मध्ये त्याच नावाने नवी नियमावली झाली.

आपल्याकडे काय घडले? १९००मध्ये रशियाने भारतातील आपली पहिली कोन्सुल-कचेरी उघडली ती मुंबईत. आज मराठी या अधिकाऱ्याला ‘वाणिज्यदूत’ म्हणते. शब्द नेटका आहे, परंतु त्यात तहाची व न्यायाधिकाराची आठवण उरत नाही. ती आठवण मराठीने दुसऱ्या एका शब्दात जपली आहे. पेशवाईत दरबारोदरबारी जाणारा तो ‘वकील’; पुण्याच्या संगमावर येऊन बसलेला इंग्रज मात्र ‘रेसिडेंट’च राहिला. त्याचे भाषांतर करावे असे कोणास वाटले नाही, कारण तसा माणूस पूर्वी आपल्याकडे नव्हताच. अशा शब्दांना परके म्हणून भाषेबाहेर काढण्यापूर्वी ते कोणाबरोबर आले, हे विचारून घ्यावे. त्यांचे परकेपण हाच त्यांतला इतिहास आहे.