बंद दाराआडचा पाव आणि बाबा पदमनजी

१८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचा इतिहास वाचताना आम्हांला एक पेच सतत जाणवतो. मूर्तिपूजा आणि जातिभेद त्याज्य आहेत, हे सभासदांना मनोमन पटलेले होते. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन ते जातिबंधन मोडीतही; परंतु बंद दाराआड. बाहेर पडताच घरचे देव आणि जातीची पंगत त्यांची वाट पाहत असे. पुढे १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीने सभाच मोडली.

याच सभेत काही काळ वावरलेल्या बाबा पदमनजींनी (१८३१–१९०६) १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला. मूर्ती नाकारणे बुद्धीला साधते आणि ते गुपचूपही करता येते. बाप्तिस्म्याला मात्र साक्षीदार लागतात. तो घेणाऱ्यासाठी त्या काळी घराचे आणि जातीचे दार बहुधा मिटत असे. वडिलांचा, आप्तांचा विरोध पत्करून पदमनजींनी ती किंमत मोजली.

'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी ही वाटचाल सांगितली आहे. त्यातील हिंदू धर्मावरची टीका आज आपल्याला एकांगी वाटू शकते, आणि तसे म्हणण्यास आम्हांला संकोच नाही. तरीही सभेच्या शेवटाशेजारी ठेवून हे पुस्तक वाचावे. पटलेले सत्य चारचौघांत उच्चारताना सुधारकाला काय गमवावे लागे, हे तेव्हा उमगते.