मागणीपत्रकात नसलेले कलम

कामगारांच्या मागणीपत्रकात पगार असतो, महागाईभत्ता असतो, रजा असते, बोनस असतो. आम्ही अशी कितीतरी पत्रके लिहिली. पण कारखान्याच्या गटारातून काय वाहते, याचे कलम एकातही घातले नाही. ही उणीव आम्हांला जाणवली ती पाटनचेरूची हकीगत वाचताना.

पाटनचेरू हैदराबादेलगत आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट देणे थांबवले, ते फक्त बनविण्याच्या कृतीवर ठेवले. देशी कारखानदारांना वाट मोकळी झाली आणि त्या मुलखात औषधांचे कारखाने उभे राहिले. स्वस्त गोळी गरिबाच्या घरी पोचली, हे श्रेय आम्ही नाकारीत नाही. पण सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी तेथील एका सामाईक शुद्धीकरण केंद्रात येई. स्वीडनचे जोकिम लार्सन व त्यांचे सहकारी यांनी केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे शुद्ध केलेले, पाणी तपासले व २००७ साली आकडे छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत! ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते. रोज सुमारे १५ लाख लिटर पाणी सुटे. हिशेब मांडला तर दिवसाला ४५ किलो औषध ओढ्यात जाई. माणशी एक ग्रॅम धरला, तर ४५ हजार रोग्यांची एका दिवसाची मात्रा.

अशा पाण्यात दुबळे जंतू मरतात आणि तग धरणारे वाढतात. एवढ्यावर भागते तर बरे होते. एका जातीचा जंतू आपली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीला देऊ शकतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच आमांशाच्या जंतूंवर दाखविले होते. या केंद्रात तर, शुद्धीकरण नीट व्हावे म्हणून, औषधी पाण्यात वस्तीतला मैलाही मिसळीत! पोटातले जंतू आणि औषध एकाच हौदात. पुण्यातील संशोधकांनी स्वीडिश सहकाऱ्यांसह तेथील ९३ जंतुवाण तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे ८६ टक्के वाण वीस वा अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा नव्हत्या.

सरकारला बोल लावणे सोपे आहे. पण एकदा एका कारखान्याच्या फाटकावर गावकरी नाल्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा त्यांना परत धाडणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो. कारखाना बंद पडेल, चुली विझतील, ही धास्ती. त्या नाल्याकाठच्या वस्तीत आमचे सभासदही राहत होते, आणि वर्गणी गोळा करायला आम्ही दर महिन्याला तेथे जात होतो.