हरसूलचे घर की नाशिकचा फ्लॅट?

भाताची कापणी उरकली, नागली आणि वरई घरात आली की हरसूल परिसरातील पाड्यांवरची धडधाकट माणसे वाघेऱ्याचा घाट ओलांडून गिरणाऱ्याच्या मजूर बाजाराकडे निघतात. तेथून ती द्राक्षबागांमध्ये पांगतात. मधल्या काळात पाड्यावर उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील या आदिवासी पट्ट्यात वृद्धांच्या देखभालीचा प्रश्न असा दरवर्षी ठरावीक महिन्यांत उभा राहतो. याच गावांतून शिकून बाहेर पडलेल्या, सातपूर-अंबडचे कारखाने, शाळा किंवा सरकारी कचेऱ्यांत स्थिरावलेल्या मुलांसाठी मात्र तो बारमाही आहे. आईवडिलांना नाशिकला आणावे, गावीच ठेवून पैसे पाठवावेत, की आणखी काही सोय पाहावी, हा विचार त्यांना सुटत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांतील सात कोटींहून अधिक खेड्यांत राहत होते. महाराष्ट्रात ज्येष्ठांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के सरासरीहून जास्त होते. तरीही शहरातील चर्चा 'घर की वृद्धाश्रम' या एकाच वळणावर अडकून पडते. वस्तुतः हा प्रश्न नंतरचा आहे. आधी पाहायचे ते असे, की या माणसाला नेमकी कोणती मदत लागते, दिवसातून किती वेळा लागते आणि ती देणारे माणूस त्या वेळी घरात असते का.

अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये यासाठी एक साधी मोजपट्टी सुचवली. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणावरून उठणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे, या सहा गोष्टींपैकी किती स्वतःच्या स्वतः जमतात ते पाहायचे. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा व्यवहार, औषधे वेळेवर घेणे, प्रवास अशा कामांची दुसरी यादी तयार केली. माणूस सहसा दुसऱ्या यादीतील कामांत आधी अडखळतो. बँकेचा व्यवहार चुकू लागला किंवा औषधाच्या गोळ्या उरू लागल्या, म्हणून कोणी लगेच परावलंबी होत नाही. अशा वेळी औषधांची आठवडाभराची डबी भरून ठेवणारी शेजारीण पुरते. रात्री शौचास एकटे जाता येत नाही, तेव्हा मात्र फोनवरील चौकशीने काम भागत नाही.

या कसोटीवर पाहिले तर गावी राहणे हा अनेकांसाठी चांगला पर्याय ठरतो. आजीला ओटा आहे, ओळखीची वाट आहे, तिची बोली समजणारी माणसे आहेत. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे; रक्तदाब, मधुमेह यांसारख्या दुखण्यांची नियमित तपासणी व औषधे यांसाठी दर खेपेस नाशिक गाठण्याचे कारण नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही राज्यात उपलब्ध आहे. परंतु डायलिसिस, कर्करोगावरील उपचार किंवा पक्षाघातानंतरचा रोजचा व्यायाम यांसाठी घाटातून पुन्हा पुन्हा ये-जा करणे वृद्धाला आणि कुटुंबालाही झेपत नाही. तेथे शहरानजीक राहणे भाग असते, निदान उपचार संपेपर्यंत तरी. ही मुदत वृद्धाला आधीच सांगितलेली बरी. 'दोन दिवसांसाठी चल' असे म्हणून कायमचे आणणे ही फसवणूक आहे, आणि ती फार घरांत होते.

गावी ठेवायचे ठरले तर व्यवस्था नुसत्या भरवशावर सोडू नये. भाची, चुलत सून किंवा शेजारीण रोज दोन वेळा येणार असेल, तर तिला दरमहा ठरावीक रक्कम उघडपणे द्यावी. नात्यात पैसे कसे द्यायचे, हा संकोच शेवटी वृद्धाच्याच पोटावर येतो. शौचालय घरापासून दूर असल्यास रात्रीसाठी खुर्चीचा कमोड, भिंतीला धरायला दांडी आणि वाटेवर दिवा, एवढ्या गोष्टी वरकरणी क्षुल्लक वाटतात. पण म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड माणसाला अंथरुणास खिळवते, आणि पावसाळ्यात हरसूलचे अंगण निसरडे असते.

नाशिकला आणणे म्हणजे काळजी मिटली, हा समज बहुधा सर्वांत फसवा आहे. मुलगा पाळीवर, सून नोकरीवर, नातवंडे शिकवणीला. तिसऱ्या मजल्यावरील बंद दाराआड सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत आजोबा एकटेच असतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर जागा बदलल्याने अधिकच गोंधळल्यासारखे होते. शहरात आणायचेच असेल, तर दिवसभराची सोय आधी आणि सामान नंतर हलवावे. पायांत बळ असलेल्यांना जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा किंवा विरंगुळा केंद्राचा आधार होतो. इतरांसाठी ब्यूरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांची मदतनीस ठेवता येते. मात्र अंघोळ घालणारी मावशी आणि नळीवाटे अन्न देणारी, मूत्रनलिकेची निगा राखणारी प्रशिक्षित परिचारिका यांत फरक आहे. पहिलीकडून दुसरीचे काम करून घेऊ नये.

भावाभावांनी आईवडिलांचे महिने वाटून घेण्याची पद्धतही रूढ आहे. दोघे एकत्र फिरत असतील तर ती निभते. आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे, अशी वाटणी मात्र उतारवयातील ताटातूटच होय.

वृद्धाश्रमाचे नाव काढताच मान खाली घालण्याचे कारण नाही. राज्यात १९९५ पासून 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ च्या केंद्रीय कायद्यानेही निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एका वृद्धाश्रमाची तरतूद केली. निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नये. न सांगता, जेवणाच्या वेळी जावे. ताटात काय आहे, न्हाणीघराला वास येतो का, रात्री किती माणसे कामावर असतात, हे पाहावे. अनेक संस्था फक्त हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांनाच घेतात. पुढे अंथरुण धरले तर काय, अनामत परत केव्हा, रुग्णालयात कोण नेणार, ही उत्तरे लेखी घ्यावीत.

खर्चाचा हिशेब करताना सरकारी आधार किती तोकडा आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधारांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये वाढून दरमहा १,५०० रुपये झाली; अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या शुश्रूषेचा खर्च त्यात येत नाही. भेटीला जाणे-येणे त्या मानाने सोपे झाले आहे : २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे.

राहता राहिली जमीन. नाशिककर कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकर सारे काही मुलांत वाटून मोकळे झाले, आणि १९७० पासून मराठी प्रेक्षक त्यांची परवड पाहत आला आहे. तरीही देखभालीचा विषय निघाला की घरांत पहिली घाई होते ती सातबारावर नाव लावण्याची. हरसूलमध्ये यास आणखी एक बाजू आहे. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीला विकता वा गहाण ठेवता येत नाही; त्यामुळे जमिनीतून उपचाराचा पैसा तातडीने उभा राहत नाही. पोटगीविषयीचा १९५६ चा हिंदू कायदाही अनुसूचित जमातींना लागू नाही. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा मात्र सर्वांसाठी आहे आणि महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. मुलगे, मुली आणि सज्ञान नातवंडे यांच्याकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देण्याचा अधिकार त्यातील न्यायाधिकरणाला आहे.

याच कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळू शकते. ती अट हस्तांतरणाला जोडलेली असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावावा, असा निर्वाळा दिला. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर अन्न, निवारा, औषधोपचार यांची अट त्यात शब्दांत लिहून घ्यावी. वाद झाल्यास अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात वकिलाविनाही करता येतो. वृद्धाला स्वतः करणे अशक्य असेल तर त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. कोठे जावे हेच उमगत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे.