शेतजमिनीचा झोन आणि वापर बदल : व्यवहार किंवा बांधकामापूर्वी समजून घ्यायचा कायदा

शहरालगतच्या आणि महामार्गालगतच्या गावांमध्ये शेतजमिनीचे व्यवहार वेगाने होत आहेत. कुणी रस्त्याकडेचे पाच गुंठे विकतो, कुणी गोदाम बांधतो, कुणी कृषी पर्यटनासाठी खोल्या काढतो. व्यवहाराच्या वेळी सातबारा पाहिला जातो, बोजा आहे का ते तपासले जाते, पण जमीन कोणत्या झोनमध्ये आहे हे अनेकदा शेवटी विचारले जाते. तोपर्यंत इसार दिलेला असतो किंवा पाया भरलेला असतो.

सातबाऱ्यावरून जमीन कोणाच्या नावे आहे ते कळते. तिच्यावर काय बांधता येईल, हे त्यावरून कळत नाही. ते ठरवणारा कायदा वेगळा आहे. या लेखात महाराष्ट्रातील जमीन वापर आणि झोनविषयीच्या मूलभूत बाबी पाहू.

तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळे कायदे

कोणत्याही शेतजमिनीबाबत पुढील तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

१. ही जमीन मला विकता किंवा घेता येते का?
याचे उत्तर कूळ कायदा, तुकडेबंदी कायदा आणि भोगवटा वर्गात असते. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. बिगरशेतकऱ्याला परवानगी लागते किंवा कायद्यातील अपवादात बसावे लागते. मराठवाडा आणि विदर्भासाठी कूळ कायदे वेगळे आहेत, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात.

२. ही जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरता येते का?
हा महसुली प्रश्न आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम ४२ आणि त्यापुढील कलमे येथे लागू होतात. बोलीभाषेत आपण याला ‘एनए करणे’ म्हणतो.

३. या ठिकाणी हे बांधकाम नियोजनात बसते का?
हा झोनचा प्रश्न आहे. तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येतो. हा कायदा ‘एमआरटीपी’ या नावाने ओळखला जातो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून उरलेल्या दोन प्रश्नांचे उत्तरही ‘हो’ असेल असे समजू नये. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखताची नोंदणी झाली, फेरफार मंजूर झाला, तरी झोन बदलत नाही. बहुतेक फसवणूक याच गैरसमजातून होते.

झोन म्हणजे काय?

शहरासाठी विकास योजना आणि मोठ्या ग्रामीण भागासाठी प्रादेशिक योजना तयार केली जाते. त्यात कोणती जमीन कशासाठी वापरायची याचे नकाशे असतात. विकास योजनेच्या नकाशावर साधारणपणे पिवळा रंग रहिवासी, जांभळा औद्योगिक आणि हिरवा शेती विभाग दाखवतो. म्हणूनच ‘ग्रीन झोन’ आणि ‘येलो झोन’ हे शब्द रूढ झाले आहेत. मात्र रंगावर विसंबू नये. त्याच नकाशावरील सूची वाचावी, कारण उद्यान, नाल्याचा पट्टा किंवा ना-विकास विभागही हिरव्याच छटांमध्ये दाखवलेला असू शकतो.

झोनसोबत आरक्षणही असते. झोन मोठ्या क्षेत्राला लागू होतो. आरक्षण मात्र विशिष्ट जागेवर विशिष्ट कामासाठी असते, उदा. शाळा, दवाखाना, बाजार किंवा नियोजित रस्ता. त्यामुळे रहिवासी झोनमधल्या गटावरही रस्त्याचे आरक्षण असू शकते.

शेती झोनमध्ये काय चालते?

शेती झोन म्हणजे एकही वीट लावता येणार नाही, असे नाही. मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. शेती विभागात कोणते वापर चालतात याची यादी तिच्यात आहे. ढोबळमानाने पुढीलप्रमाणे समजून घ्यावे.

- पीक, फळबाग, रोपवाटिका : शेतीचाच वापर. पॉलिहाऊस किंवा शेडनेटमध्येही पीकच घेतले जाते, त्यामुळे जमिनीचा वापर शेतीचाच राहतो.
- विहीर आणि शेतरस्ता : शेतीच्या नेहमीच्या कामासाठी केलेले खोदकाम (विहिरीसह) आणि केवळ शेतीसाठीचा पोहोच रस्ता यांना एमआरटीपीच्या कलम ४३ मधून सूट आहे.
- गोठा, अवजारे, चारा किंवा शेतमाल ठेवण्याची खोली : महसूल अधिनियमातील ‘शेती इमारत’ या व्याख्येत या बाबी येतात. कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला जमिनीच्या सुधारणेसाठी अशी बांधकामे करण्याचा हक्क आहे. शहरी आणि अधिसूचित क्षेत्रात मात्र परवानगी लागते.
- शेतघर : किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर क्षेत्र लागते. बांधकामाच्या क्षेत्रफळावरही मर्यादा आहे. एक एकर जमीन चाळीस जणांना विकून प्रत्येकाला ‘फार्महाऊस’चे स्वप्न दाखवणारी जाहिरात या अटीत बसू शकत नाही.
- दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, शीतगृह, गोदाम, प्रक्रिया उद्योग : अटींसह चालतात. रस्त्याची रुंदी, सोडायचे अंतर आणि भूखंडाचे क्षेत्र प्रत्येक वापरासाठी वेगळे असते. आराखडा काढण्याआधी या अटी लेखी घ्याव्यात.

आपण शेतीपूरक व्यवसायासाठी बँकेचे कर्ज काढणार असाल, तर शेडचा आकार ठरवण्यापूर्वी हे काम करावे. परवानगीअभावी थांबलेल्या शेडवरही व्याज चालूच राहते.

अकृषिक वापर : आता पद्धत बदलली आहे

पूर्वी प्रत्येक बिगरशेती वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत महसूल अधिनियमात कलम ४२-अ ते ४२-ड घालण्यात आली आणि एनएचा मार्ग झोनशी जोडला गेला.

- मंजूर विकास योजनेच्या क्षेत्रात, योजनेत अनुज्ञेय असलेल्या वापरासाठी वेगळ्या एनए परवानगीची गरज राहिलेली नाही. या तरतुदीनुसार रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि वर्ग २ च्या जमिनीसाठी नजराणा भरल्यावर सनद मिळत असे.
- प्रादेशिक योजनेतील जमिनीसाठीही अशीच तरतूद आहे.
- गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी कलम ४२-ड घालण्यात आले. हे अंतर अंदाजाने धरू नये. गावठाणाची हद्द भूमी अभिलेखाच्या नकाशावरून ठरते, गावातल्या शेवटच्या घरावरून नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, सनद म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती नियोजन प्राधिकरणाकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते. दुसरी, या तरतुदींमध्ये शासन वारंवार सुधारणा करते, म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर न जाता अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातून समजून घ्यावा.

परवानगीशिवाय वापर बदलल्यास महसूल अधिनियमाच्या कलम ४५ खाली दंड होतो. झोनविरुद्ध बांधकाम केल्यास एमआरटीपीच्या कलम ५२ आणि ५३ खाली खटला आणि पाडकामाची नोटीस येऊ शकते. पाडण्याचा खर्चही मालकाकडून वसूल होतो.

गुंठेवारीचा सापळा

समजा, आपली शेती झोनमध्ये दोन एकर जिरायत जमीन आहे. मध्यस्थ म्हणतो, ‘दोन-दोन गुंठे पाडू, एकरी भावाच्या तिप्पट मिळेल.’ येथे दोन अडथळे आहेत. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ च्या अधिसूचनेनंतर राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० आर आणि बागायतीसाठी १० आर आहे (एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा). त्याखालचा तुकडा सर्वसाधारणपणे विकता येत नाही. विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांसारख्या कारणांसाठी स्वतंत्र परवानगीची वाट आहे. दुसरा अडथळा झोनचा. शेती झोनमध्ये असा रहिवासी लेआऊट मंजूर होत नाही.

मग असे व्यवहार नोटरी करून, संमतिपत्रावर किंवा अनेकांची नावे एकाच सातबाऱ्यावर लावून केले जातात. त्यातून घेणाऱ्याला स्वतंत्र सातबारा मिळत नाही आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही. विकणाऱ्याच्या वाट्याला पुढची अनेक वर्षे तक्रारी आणि कोर्टाच्या तारखा येतात. त्याच गटात त्याची स्वतःची उरलेली शेती असेल, तर पीक कर्ज आणि वाटणी दोन्ही अडकून पडतात.

आधीच तुकडा घेतलेला असल्यास घाबरू नये. शासन ठरावीक कालावधीतील व्यवहार नियमित करण्याच्या योजना वेळोवेळी आणते. त्यात आपली तारीख आणि आपला झोन बसतो का, हे वकिलाकडून तपासावे.

झोन कसा तपासावा?

१. महाभूलेखवरून चालू सातबारा आणि आठ-अ काढावा. भोगवटा वर्ग आणि इतर हक्कातील नोंदी वाचाव्यात. वर्ग २, इनाम, वतन, आदिवासी खातेदाराची जमीन किंवा पुनर्वसनाची नोंद असल्यास आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.
२. भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा घ्यावा. जुना सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांचा मेळ घालावा. जुन्या योजनेत सर्व्हे नंबर असल्याने चुकीचा दाखला मिळण्याचे हे नेहमीचे कारण आहे.
३. नियोजन प्राधिकरण कोण ते शोधावे. ते महानगरपालिका, नगरपरिषद किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण असू शकते. इतर ग्रामीण भागासाठी नगर रचना विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.
४. तेथे अर्ज करून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. एकच गट दोन झोनमध्ये विभागलेला असू शकतो, म्हणून फक्त दाखला पुरेसा नाही. मोबाईलवर आलेला नकाशाचा फोटो पुरावा म्हणून धरू नये.
५. पश्चिम घाट, माथेरान, महाबळेश्वर-पाचगणी, डहाणू किंवा समुद्रकिनारी जमीन असल्यास पर्यावरणविषयक अधिसूचना वेगळ्या तपासाव्यात. खाजगी वनाची नोंदही पाहावी.

झोन बदलता येतो का?

येतो, पण एखाद्या अधिकाऱ्याच्या पत्राने नाही. विकास योजनेत किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली आणि प्रादेशिक योजनेत बदल कलम २० खाली होतो. त्यासाठी जाहीर सूचना, हरकती आणि शासनाची मंजुरी लागते. ‘महिन्यात झोन बदलून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

आपली खरी संधी प्रारूप योजना प्रसिद्ध होते तेव्हा असते. सूचनेत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवता येते आणि सुनावणीही मिळते. हरकतीत भावनेपेक्षा पुरावा द्यावा, म्हणजे माती परीक्षण अहवाल, सिंचनाची सोय, फळबागेची पीक नोंद, विहिरीचे स्थान आणि पर्यायी जागेचा नकाशा. एकेकट्याने देण्याऐवजी शिवारातील शेतकऱ्यांनी गटवार यादीसह हरकत दिल्यास मुद्दा अधिक स्पष्ट मांडता येतो.

आरक्षण पडले असल्यास जमीन लगेच जात नाही. संपादन होईपर्यंत पीक घेता येते. अंतिम योजना अंमलात येऊन १० वर्षे झाली आणि संपादन झाले नाही, तर कलम १२७ खाली मालकी हक्काच्या कागदांसह खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्याची कायदेशीर पावले न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. ही सूचना वकिलाकडूनच तयार करून घ्यावी.

मातीचा विचार आधी करावा

कृषी शास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट कायद्याइतकीच महत्त्वाची आहे. कागदावरचा वापर परत बदलता येतो, पण उचललेली काळी माती परत येत नाही. सुपीक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. त्यावर मुरूम पसरून रोलर फिरवायला दोन दिवस पुरतात.

वापर बदल करायचाच असेल, तर गटातील उथळ, मुरमाड आणि रस्त्यालगतचा भाग निवडावा. विहीर, पाईपलाईन आणि भारी जमीन शेतीतच ठेवावी. भराव टाकताना वरच्या शेतातून येणाऱ्या पाण्याची वाट बंद करू नये, नाहीतर शेजाऱ्याच्या पिकात पाणी साचते आणि बांधाचा वाद सुरू होतो. काढलेली माती स्वतःच्या हलक्या रानात पसरावी. मुरूम आणण्या-नेण्यासाठी गौण खनिजाची परवानगी घ्यावी.

विक्रीच्या करातही गैरसमज असतो. ग्रामीण शेतजमिनीला मिळणारी भांडवली नफ्याची सूट झोनच्या रंगावर ठरत नाही. नगरपालिका हद्दीपासूनचे अंतर त्यात महत्त्वाचे असते आणि लोकसंख्येनुसार ते २, ६ किंवा ८ किलोमीटर असते. सौद्यापूर्वी कर सल्लागाराला हे विचारावे.

वकिलाकडे जाताना सोबत न्यावे

- चालू सातबारा, आठ-अ आणि किमान ३० वर्षांचे फेरफार
- गट नकाशा आणि असल्यास मोजणीची ‘क’ प्रत
- झोन दाखला आणि भाग नकाशा
- जुनी खरेदीखते, वाटणीपत्र, इसार पावती
- प्रस्तावित वापराचे एका पानाचे वर्णन : काय, किती क्षेत्रात, कोणत्या रस्त्यावरून

शेवटचे पान बहुतेक जण नेत नाहीत. ‘एनए होईल का?’ या प्रश्नावर वकिलाला नेमके उत्तर देता येत नाही. ‘शेती झोनमधल्या दीड एकरात, नऊ मीटर रस्त्यावर, कांदा साठवणुकीचे गोदाम चालेल का?’ असे विचारल्यास ते देता येते. इसार देण्यापूर्वी किंवा घेण्यापूर्वी हे उत्तर लेखी मिळवावे.